टोकणाऱ्या मुलींची आपा

मंगळवार, १८ फेब्रुवारी. पहाटे धुकं, नऊनंतर ऊन. दूधवाला आला नाही; चहा बिनदुधाचा. समोरच्या मदरशात आज दहावीच्या विज्ञानाची प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. तिथली विज्ञानशिक्षिका, आपा, सकाळीच येऊन माझा पांढरा टेबलक्लॉथ घेऊन गेली. परीक्षकांच्या टेबलावर ॲसिडचे डाग आहेत म्हणाली. तिने चहा अर्धा सोडला. अकराच्या सुमाराला समोरून येणारा पाठांतराचा आवाज एकाएकी बंद पडला, आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.

माझ्या डायरीत सकाळची नोंद एवढीच आहे. तो आवाज का थांबला हे कळायला आधी आपाची थोडी ओळख हवी.

आपा या निवासी मदरशात आली तेव्हा आठ वर्षांची होती. आई गेलेली. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. पोरीला घरी एकटी ठेवायची तरी कुणाच्या भरवशावर, म्हणून त्यांनी तिला पत्र्याच्या ट्रंकेसकट इथे आणून सोडलं आणि मागे वळून न बघता निघून गेले. वळून बघितलं असतं तर गाडी हललीच नसती, असं पुढे कधीतरी त्यांनीच तिला सांगितलं. ट्रंक पलंगाखाली गेली आणि मुलगी ओळीतल्या बाकीच्या मुलींसारखी झाली. पहाटे उठायचं, हातपाय धुऊन नमाज पढायची आणि कुराण पाठ करायला बसायचं.

पाठांतराची इथली रीत अशी की मुलींच्या दोघी-दोघींच्या जोड्या असतात. एकीने डोळे मिटून म्हणायचं, दुसरीने समोर बसून ऐकायचं. म्हणणारी अडखळली, तिने एखादा शब्द गाळला, की ऐकणारीने तिथल्या तिथे टोकायचं. याला लुकमा देणं म्हणतात. त्यात उपकार नाही आणि अपमानही नाही. ऐकणारीचं ते कामच. चूक कानावर पडूनही जी गप्प बसली तिचा त्या चुकीत निम्मा वाटा, हे पहिल्या महिन्यातच पोरींच्या डोक्यात पक्कं बसतं. आणि ऐकणारी गप्प असली तर त्याचा अर्थ एकच: बरोबर आहे, पुढे चल.

आपाचं पाठांतर पुरं झालं तेव्हा तिला दहावीला बसायची हौस आली. मदरशात तेव्हा शाळेचे विषय नव्हते. जुन्या मोठ्या आपांनी, म्हणजे तेव्हाच्या वॉर्डनबाईंनी, कुठून कुठून पुस्तकं मिळवून दिली आणि ती बाहेरून परीक्षेला बसली. भाषेत पास, गणितात पास, इतिहासात उत्तम. प्रात्यक्षिकाला मात्र तिला एका परक्या शाळेच्या प्रयोगशाळेत उभं केलं. परीक्षानळी तिने तोवर फक्त चित्रात बघितली होती. चित्रातली नळी काही भाजत नाही. तिने ती बोटांनी धरूनच बर्नरवर नेली, हात पोळला, नळी फुटली आणि शेजारच्या टेबलावरच्या मुली तोंड दाबून हसल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "मदरशातून आलीय ना ही, हिला कुठलं येणार?" विज्ञानात ती नापास झाली. दुसऱ्या वर्षी पास झाली, पण ते वाक्य काही पास झालं नाही. ते तिथेच अडकून राहिलं.

पुढे तिने टपालाने शिकून पदवी घेतली, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि कुठे दुसरीकडे नोकरी न शोधता परत याच दारात येऊन उभी राहिली. लग्नाचं विचारणाऱ्यांना ती सांगायची, घरात पोरींची इतकी गर्दी आहे, नवऱ्याला झोपवायचं कुठे? बायका हसायच्या आणि विषय संपायचा.

विज्ञान सुरू करायला मात्र तिच्या नाकी नऊ आले. मदरशाचे प्रमुख, सगळे त्यांना मोठे मौलाना म्हणतात, माणूस वाईट नव्हता. आपाला त्यांनी लहानाची मोठी होताना बघितलं होतं. चारचौघांत ते तिला आपा म्हणायचे आणि दार बंद असलं की पोरी. गणिताला, भाषेला, कॉम्प्युटरला त्यांनी कधीच हो म्हटलं होतं. विज्ञानाच्या पुस्तकाशीही त्यांचं भांडण नव्हतं. त्यांना धास्ती होती ती परीक्षेची. बाहेरचा माणूस आत येणार, आपल्या मुलींना उभं करून प्रश्न विचारणार, आणि काही कमीजास्त झालं की ते गावभर होणार. "लोकांनी पोरी माझ्या पदरात टाकल्यात," ते म्हणायचे. "दुसऱ्या शाळेत एक मुलगी चुकली तर ती मुलगी चुकते. आपल्याकडे एक चुकली तर मदरसा चुकतो."

शेवटी गाद्या ठेवायची खोली आपाला मिळाली. तिथे एक लांब टेबल, एक बेसिन आणि बाकं आली. ही खोली मौलानांच्या बसायच्या खोलीला लागून, मध्ये फक्त प्लायवुडचा आडोसा. पहिल्याच महिन्यात मौलाना दारात येऊन म्हणाले की कालपासून माझ्या खोलीत सडक्या अंड्यांचा वास येतोय, तुम्ही विज्ञान शिकवता की स्वयंपाक? आपा म्हणाली, तो हायड्रोजन सल्फाइड आहे. मौलाना म्हणाले, त्याला सांगा, पुन्हा येऊ नकोस.

पण परवानगी कच्ची होती. या वर्षी मुलींची पहिली तुकडी दहावीला बसणार, मंडळाकडून परीक्षक येणार. त्यांचा शेरा चांगला आला तर विज्ञान कायम. वाकडा शेरा आला तर खोलीत शिलाई मशीन लागतील आणि पुढच्या मुली विज्ञानाशिवायच दहावी करतील. मौलानांनी हे कठोरपणे नाही, सरळ सांगितलं होतं, आणि आपाने मान हलवली होती. त्या तुकडीतल्या दोघींना नर्सिंगला जायचं होतं. एकीला डॉक्टर व्हायचं होतं, पण ती ते मोठ्याने बोलत नसे.

आपाने पोरींना डोळ्यात तेल घालून तयार केलं. नळी चिमट्याने कशी धरायची, तोंड स्वतःकडे का करायचं नाही, वास घेताना हाताने वारा कसा घ्यायचा, केस कसे बांधायचे. परीक्षकांना नमस्कार कसा करायचा, उत्तर येत नसेल तर काय म्हणायचं, इथपर्यंत. स्वतःच्या पोळलेल्या बोटाची गोष्टही सांगून झाली होती.

परीक्षक बाई वेळेवर आल्या. ताठ, कमी बोलणाऱ्या, चष्म्याची साखळी गळ्यात. सकाळची प्रात्यक्षिकं निर्विघ्न पार पडली. एकही नळी फुटली नाही. मग तोंडी. आपाने विचारलं, बाकीच्या मुलींना बाहेर व्हरांड्यात बसवू का? परीक्षक बाई म्हणाल्या, नको, बाहेर गेल्या की पुस्तकं उघडतील, माझ्या नजरेसमोर बसू देत. म्हणून मुली भिंतीलगतच्या बाकावर बसल्या आणि एकेक जण टेबलासमोर जाऊ लागली.

तिसरी गेली ती बांबू. उंचीमुळे तिला सगळा मदरसा बांबूच म्हणायचा. परीक्षक बाईंनी तिला हृदयातून रक्त कसं फिरतं ते विचारलं. बांबूने हात मागे बांधले, डोळे मिटले आणि सुरू केलं. शरीरातून अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात येतं, तिथून उजव्या निलयात, तिथून डाव्या अलिंदात...

"फुप्फुसात. आधी फुप्फुसात."

आवाज बाकावरून आला होता. स्वच्छ, खणखणीत, जराही न दबलेला. बांबूनेही डोळे न उघडता "तिथून फुप्फुसात" असं दुरुस्त केलं आणि ती पुढे निघालीसुद्धा. परीक्षक बाईंचं पेन थांबलं होतं. 

कोण बोललं, असं विचारताच बाकावरची कोतवाल उभी राहिली. हिला कोतवाल म्हणायचे कारण हिच्या कानातून चूक निसटत नसे. ती बांबूची आठ वर्षांपासूनची जोडीदारीण. ती घाबरली नव्हती. का बोललीस, या प्रश्नावर तिने परीक्षक बाईंकडे जराशा नवलाने बघितलं.

"ती चुकली होती ना," ती म्हणाली.

परीक्षक बाईंनी पेनाला टोपण लावलं. परीक्षा थांबली आहे, असं सांगून त्या उठल्या आणि शेजारी मौलानांच्या खोलीत गेल्या. मदरशात बातमीला पाय लागायला वेळ लागत नाही. खालच्या दालनात लहान मुलींचं पाठांतर चालू होतं. ते कुणी न सांगता थांबलं.

मौलानांच्या खोलीत परीक्षक बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं आपाला वाटलं. इतक्या उघड उघड कॉपी मी कुठे बघितली नाही, त्या म्हणाल्या, मुलीच्या चेहऱ्यावर लाज म्हणून नाही. मौलानांचा चेहरा उतरला होता. ज्याची धास्ती होती तेच घडलं, आणि तेही त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे. त्यांनी घाईघाईने मार्ग काढला. त्या मुलीला परीक्षेतून काढा, तिला या वर्षी बसवू नका, बाकीच्यांची घ्या. एकीच्या पायी सगळ्यांचं नुकसान नको.

 मार्ग चांगला होता. खोली वाचली असती, विज्ञान वाचलं असतं. फक्त कोतवाल गेली असती. आणि डॉक्टर व्हायचं असून बोलत नसे ती मुलगी कोतवालच होती. प्रत्येकीची चूक बोलून दाखवणारी पोर स्वतःच्या मनातलं एवढंच काय ते बोलत नसे.

"मग आधी मला काढा," आपा म्हणाली. "टोकायला तिला मीच शिकवलंय."

आणि तिने परीक्षक बाईंना जोड्यांचं सगळं सांगितलं. ऐकणारीचं काम काय, गप्प बसण्याचा अर्थ काय. "परीक्षेत याला कॉपी म्हणतात, हे मला माहीत आहे. पण त्यांना सांगायचं राहून गेलं. मी त्यांना केस बांधण्यापासून सगळं सांगितलं आणि हे सांगायचं मला सुचलंच नाही. इथे लहानाची मोठी झालेय मी, मला ती गोष्ट दिसलीच नाही."

परीक्षक बाईंनी चष्म्याची साखळी सरळ केली. मग म्हणाल्या, ठीक. मी सगळ्यांची तोंडी पुन्हा घेते, नवे प्रश्न. त्याच खोलीत, त्याच बाकावर. तुम्ही दोघांनीही समोर बसायचं. कुणी एक शब्द बोललं, खाकरलं, बोट हलवलं, तर मी उठेन आणि जे बघितलं ते मंडळाला कळवेन.

आपाने विचारलं, निदान आता तरी मुलींना बाहेर बसवू का?

"नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "ही सवय आहे, लबाडी नाही, असं तुम्ही म्हणता. सवय आवरता येते. बघू."

आपाने मुलींना थोडक्यातच सांगितलं. टोकायचं नाही. कोण काहीही बोलो, टोकायचं नाही. एका मुलीने विचारलं, चुकीचं बोलली तरी? आपा म्हणाली, चुकीचं बोलली तरी. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना उपाशी राहा म्हटलं असतं तर इतकं अवघड वाटलं नसतं. बांबूचे डोळे भरून आले होते; सगळं आपल्या चुकीने झालं असं तिच्या मनाने घेतलं होतं.

पुन्हा सुरुवात झाली. आपा आणि मौलाना बाकाच्या टोकाला दोन खुर्च्यांवर बसले. पहिली मुलगी अडखळली, पण स्वतःच सावरली. दुसरीने एक प्रश्न येत नाही म्हणून सांगितलं, जसं शिकवलं होतं तसं. बांबूने या वेळी डोळे उघडे ठेवले आणि नीट उत्तरं दिली. बाकावर कुणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. आपाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

शेवटी कोतवाल.

पहिल्या दोन प्रश्नांना तिने चटाचट उत्तरं दिली. मग परीक्षक बाईंनी लिटमसचं विचारलं. सगळ्या पुस्तकातला बहुधा सर्वांत सोपा प्रश्न. आम्लात निळा लाल, आम्लारीत लाल निळा. वर्ष-दोन वर्षं दर दुपारी मुली हे एका सुरात म्हणत आल्या होत्या.

कोतवाल म्हणाली, "आम्लात लाल लिटमस निळा होतो." आणि ती थांबली.

ते थांबणं आपाला ओळखीचं होतं. कुठेतरी काहीतरी खटकलंय, पण काय ते सापडत नाही, अशा जागी म्हणणारी मुलगी क्षणभर थांबते. कान मागे लावते. ऐकणारीकडून शब्द आला तर घेते. नाही आला, तर आपण बरोबर आहोत असं धरून पुढे जाते. इथे टोकायचं नाही हे कोतवालच्या डोक्याला माहीत होतं. पण तिच्या कानांना कोण सांगणार? मुलीने मागे बघितलं नाही. ती फक्त ऐकत होती. मागे आठ वर्षांपासूनची जोडीदारीण बसली होती, आणि जोडीदारीण गप्प होती.

आपाने बांबूकडे बघितलं. बांबूने ओढणीचा शेव दातांत घट्ट धरला होता आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज नव्हता.  आपाने नुसतं खाकरलं तरी कोतवालला पुरलं असतं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. मौलाना अर्धवट उठले होते. त्यांचा उजवा हात वर आला होता, अगदी दालनात मुलगी चुकल्यावर यायचा तसा, आणि ओठ उघडले होते. आपाने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला कळलं की त्यांना उत्तर माहीत आहे. आडोशापलीकडे बसून दर दुपारी तेही ते ऐकत आले होते. परीक्षक बाईंनी मान वळवून बघितलं. मौलानांनी हात खाली घेतला, दाढीवरून फिरवला, आणि खुर्ची बरोबर नाही असं दाखवत पुन्हा टेकले. परीक्षक बाईंची नजर त्यांच्यावर रेंगाळली. कुणी शब्द उच्चारला नव्हता. त्या पुन्हा कोतवालकडे वळल्या.

"नक्की?"

"नक्की," कोतवाल म्हणाली. आता तिच्या आवाजात खात्री होती. "आणि आम्लारीत निळा लाल होतो."

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. मग पेन ठेवून त्यांनी सौम्य ॲसिडची बशी आणि लाल कागदाची पट्टी पुढे सरकवली. करून दाखव, म्हणाल्या.

कोतवालने पट्टीचं टोक बुडवलं. पट्टी लालच राहिली. तिने वाट बघितली. पुन्हा बुडवली. लालच. तिच्या कपाळावर आठी आली. ही आठी पाठांतरात कधी कुणी बघितली नव्हती, कारण तिथे अशा वेळी कुणीतरी बोलतं. इथे कुणी बोलत नव्हतं, कागदही बदलत नव्हता. मग कुणी न सांगता तिने डबीतली निळी पट्टी उचलली आणि बुडवली. बुडवल्या बुडवल्या ती लाल झाली.

कोतवाल त्या पट्टीकडे बघत राहिली.

"मी उलटं सांगितलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा उलटं. आम्लात निळा लाल होतो."

"आता कुणी सांगितलं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"कागदाने."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. गुण त्यांनी कापलेच, आणि ते योग्यच होतं. निघताना त्या आपाला म्हणाल्या, शेरा मी लिहिलाय, परीक्षा नियमानुसार पूर्ण झाली एवढाच. याहून चांगला शेरा मी फारसा लिहीत नाही. मग दारात थबकून म्हणाल्या, तुमच्या त्या मौलानांना खुर्ची बदलून द्या.

 त्या गेल्यावर बांबू उठून कोतवालजवळ गेली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही. कोतवाल आपाकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना? सगळ्यांना माहीत होतं."

"हो," आपा म्हणाली.

"कुणी टोकलं नाही, म्हणून मला वाटलं बरोबरच आहे."

 उत्तर द्यायचं म्हटलं तर तिला दोन्ही गोष्टी एकदम सांगाव्या लागल्या असत्या: टोकणं चांगलं आणि टोकायचं नाही. तिने मुलीच्या हातातली ओली पट्टी घेतली आणि बशीत ठेवली. मग बांबूनेच धीर करून कोतवालच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, माझं फुप्फुस चुकलं, तुझा कागद, आता कोतवालकी माझ्याकडे दे. कोतवाल हसली नाही, पण तिने धपाटा परत केला. बाकावरच्या मुलींनी एकदाचा श्वास सोडला.

मौलाना खुर्चीवरून उठले नव्हते.  आपा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.  शेरा वाकडा नव्हता, पण सरळ होता असंही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आणि शिलाई मशीनची किंमत मौलानांनी आधीच विचारून ठेवली होती, हे तिला ठाऊक होतं.

मौलानांनी दाराकडे बघून घेतलं. मुली बोलण्यात होत्या.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी बाकं खालच्या मजल्यावर ठेव. इथलं काही ऐकूच जाऊ नये. ऐकू आल्यावर गप्प बसायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

आपाने फक्त मान हलवली.  पुढच्या वर्षी, असं ते म्हणाले होते, आणि ते स्वतःच म्हणाले होते, तिने विचारलेलं नव्हतं. मौलाना उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून त्यांनी खाली आवाज दिला की शांतता कसली ठेवलीय, कुणी मेलंय का इथे, पाठ सुरू करा. खालून आधी एक आवाज आला, मग दुसरा, मग सगळं दालन.

आपा त्या संध्याकाळी समोरून माझ्याकडे आली, पाटाऐवजी उंबऱ्यावरच बसली आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली की मला भूक लागलीय. त्या दिवसाच्या पानावर शेवटची नोंद अशी आहे: भात अर्धा शिजला असताना गॅस संपला. नवा सिलिंडर आपानेच जोडून दिला.